जरा चालवून घ्या ना साहेब

गेल्या नोव्हेंबरात आत्याला घेऊन बँकेत गेलो होतो. तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतोय. चारपाच शनिवारी लिहायला बसलो आणि दर वेळी दुसऱ्या परिच्छेदातच शिव्या जास्त व्हायला लागल्या म्हणून पुसून टाकलं. आज पुसणार नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय ८१. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती, आता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एकटी राहते. पेन्शनवर. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. पूर्वी ती बँकेत जायची, यादीत आपलं नाव शोधून समोर सही करायची, खिडकीतला माणूस चष्म्यावरून तिच्याकडे बघायचा, "बाई, गुडघे काय म्हणतायत?" विचारायचा, झालं. पाच मिनिटं.

या वेळी खिडकीत अंगठ्याचं यंत्र होतं. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. मग एकेक करत दहाही बोटं. आयुष्यभर खडू धरलेला आणि त्याहून जास्त भांडी घासलेली बोटं आहेत ती, रेषा उरल्यात कुठे? हाताला जरा तेल लावून बघा, मग पुसून बघा, मग गरम पाण्याने धुऊन या, असे सगळे प्रयोग झाले. मग कुणीतरी म्हणालं की चेहऱ्यावरूनही होतं. फोन तिच्या तोंडासमोर धरला. डोळे मिचकवा म्हणून सूचना आली. तिने मिचकवले. लाल गोल. पुन्हा मिचकवले. पुन्हा लाल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई ट्यूबलाइटखाली बसून एका फोनला डोळा मारतेय आणि फोन तिला ओळख दाखवत नाहीये, असा तो एकूण देखावा.

शिपाई मध्ये पडला. म्हणाला, "साहेब, बाईंनी मला दुसरीला शिकवलंय." खिडकीतला तरुण मुलगा अगदी ओशाळून म्हणाला, "अहो, मीही ओळखतो बाईंना. पण मी ओळखून काय उपयोग?"

मंडळी, गेली २२ वर्षं मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतोय. आमच्या धंद्याबद्दल इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता जरा मागे जाऊ. १९९१ च्या सप्टेंबरात मार्क वायझर नावाच्या संशोधकाने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला होता. हा गृहस्थ झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या प्रयोगशाळेत होता. पुढच्या शतकातला कॉम्प्युटर कसा असेल यावर तो लेख होता आणि आमच्या क्षेत्रातली माणसं अजूनही तो श्रद्धेने वाचतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की उत्तम तंत्रज्ञान दिसेनासं होतं. घरातल्या विजेचा विचार आपण कुठे करतो? बटण दाबतो, दिवा लागतो. तसे कॉम्प्युटर भिंतीत, टेबलात, कागदात विरघळून जातील आणि माणसं आपापल्या कामाला लागतील. वायझर १९९९ साली गेला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी भारावून गेलो होतो. आज वाटतं, अदृश्य होण्याबद्दल त्याचं बरोबर होतं, फक्त कोण अदृश्य होणार ते चुकलं. कॉम्प्युटर कुठेही गेला नाही. तो माझ्या खिशात आहे, दिवसातून शंभरदा हाक मारतो, ओटीपी मागतो, स्वतःला अपडेट करून घेतो. अदृश्य झाला तो खिडकीतला माणूस. कुठे कुठे तो अजून दिसतो, पगारही घेतो, पण ठरवायचा अधिकार त्याच्या हातातून काढून स्क्रीनमध्ये ठेवलाय. आणि त्याची जी कामं उरली होती ती आपल्या गळ्यात घातली आहेत. नाव टाका, जन्मतारीख टाका, फोटो काढा, दोनशे केबीच्या आत बसवा, अपलोड करा. कारकून गेला नाही हो. आपण सगळे कारकून झालो, बिनपगारी.

हे असंच व्हायला हवं होतं का? मुळीच नाही. रेल्वेचं आरक्षण आठवा. ऐंशीच्या दशकात ते संगणकावर यायच्या आधी ठरावीक गाडीसाठी ठरावीक खिडकी असायची आणि आत जाडजूड रजिस्टरं. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहिलात तर दोष तुमचा. संगणक आला आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं. माझ्या मते सामान्य माणसासाठी या देशात झालेलं ते सगळ्यात मोठं संगणकीय काम. पण लक्षात घ्या, यंत्र कारकुनाच्या पुढ्यात होतं, आपण कारकुनाच्या पुढ्यात होतो. "वेटिंग बारा आहे, या गाडीला होतंय कन्फर्म, घेऊन टाका," हे तो सांगायचा. यंत्राने त्याचं डोकं काढून घेतलं नव्हतं, त्याच्या हाताखाली रजिस्टरापेक्षा बरी वस्तू दिली होती.

आणि आता दुसरं टोक. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात कुठलं पीक आहे ही नोंद पूर्वी तलाठी करायचा, ती सातबाऱ्याच्या बारा नंबरात जायची. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या बांधावर जायचं, फोनवर ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. तलाठी घरी बसून, शेतात पाऊलही न टाकता पिकं लिहायचे ही तक्रार खोटी नव्हती, आणि आपली नोंद आपल्या हातात ही कल्पना मला मनापासून पटते. पण नोंद राहिली तर पीकविमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी, सगळीकडे अडतं. म्हणजे जिथे रेंज नाही तिथे उभं राहून रेंजवर चालणारं काम करायचं, आणि नाही झालं तर चूक शेतकऱ्याची. पुढे गावोगाव मदतीला सहायक नेमावे लागले. माणूस काढायचा, मग काम अडतं म्हणून दुसरा माणूस आणायचा. मधल्या काळात ज्यांचं पीक सातबाऱ्यावर लागलं नाही ते कुठल्या हिशेबात धरायचे, हे मात्र ॲपमध्ये विचारायची सोय नाही.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या नावाने खडे फोडणं होईल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत नोंदणीचा एक अर्ज बनवला होता. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्हीपुढे लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी मराठी माणूस, मला तीन नावं असतात हे जगाचं सत्य वाटलं. सहा महिन्यांनी डेटाबेस उघडून बघतो तर आडनावाच्या रकान्यात हजारो टिंबं. नुसतं एक टिंब. दक्षिणेत आडनाव न लावणारी लाखो माणसं आहेत, आदिवासी पाड्यांवर आहेत, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत ज्यांना मधलं नाव सांगायचंच नाहीये. अर्ज भरून घेणाऱ्या पोरांनी मार्ग काढला होता. टिंब टाका, पुढे चला.

त्या दिवशी मी काय केलं असेल? टिंब चालणार नाही अशी अट घातली. :-( मग ती पोरं 'एक्स' टाकायला लागली.

ती पोरं माझ्यापेक्षा शहाणी होती हे कळायला मला दहा वर्षं लागली. समोर माणूस उभा आहे, त्याचं काम खरं आहे, आणि अर्ज खोटा आहे, हे त्यांना दिसत होतं. आपल्याकडे याला शब्द आहे. चालवून घेणं. 'जरा चालवून घ्या ना साहेब' हे वाक्य ज्याने आयुष्यात उच्चारलं नाही असा मराठी माणूस दाखवा, मी त्याला अमृततुल्यमध्ये चहा पाजतो. आपल्या मागच्या दोन पिढ्यांत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला का असतो? कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, आईला तारीख आठवायची नाही, ती "त्या मोठ्या पुराच्या साली, ज्वारी काढणीला" असं काहीतरी सांगायची, आणि हेडमास्तर वय मोजून १ जून लिहून टाकायचे. नियमात ते बसत नव्हतं. पण पोरगं वर्गात बसलं. त्या हेडमास्तरांच्या जागी मी लिहिलेला अर्ज असता तर काय झालं असतं? 'वैध जन्मतारीख टाका.' आणि पोरगं परत गुरं राखायला.

आता तुम्ही म्हणाल (बायको म्हणालीच, मागे उभं राहून वाचत होती), की चालवून घेणं म्हणजे टेबलाखालून शंभराची नोट. चालवून घेणं म्हणजे साहेबाच्या जातीचा, साहेबाच्या गावचा, साहेबाच्या ओळखीचा. बाकीच्यांनी उद्या या. हे खरंच आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या त्या याचसाठी. त्याला जात दिसत नाही, तो जेवायला जात नाही, आणि "साहेब रजेवर आहेत" म्हणत नाही. ज्यांना खिडकीवर कायम हाडतुड झाली त्यांना यंत्राचं 'नाही' माणसाच्या 'नाही'पेक्षा कमी बोचतं, आणि त्यांना मी खिडकीच्या आठवणींचे गोडवे सांगायला जाऊ नये.

पण मग नोट बंद झाली का? कुठल्याही तहसील कचेरीबाहेर जाऊन बघा. ॲप ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तिथे टेबल टाकून माणूस बसलेला आहे. तो तुमचा पासवर्ड वहीत लिहून ठेवतो आणि तुमच्या ओटीपीवर स्वतःचं दुकान चालवतो. चालवून घेणं संपलेलं नाही, ते कचेरीतून उठून फुटपाथवर आलंय, आणि तिथे त्याच्यावर कुणाचीच सही नाही.

खरं तर संगणकाला इथेच फार चांगलं काम होतं. पूर्वी साहेबाने चालवून घेतलं तर ते कुठे नोंदलं जायचं नाही, म्हणून ते भ्रष्ट व्हायचं. यंत्राला नोंद ठेवण्याइतकं दुसरं काही जमत नाही. शाखेतल्या जबाबदार माणसाने बटण दाबावं: 'मी या बाईंना समोर पाहिलं, त्या जिवंत आहेत, अंगठा लागत नाही.' खाली त्याचं नाव, वेळ, कारण. वर्षाला त्याने असे किती दाबले ते वरच्याने तपासावं. एकाच माणसाने एका दिवसात चारशे दाबले तर घ्या त्याला फैलावर. हे लिहायला मला किती दिवस लागतील? एक बटण, एक टेबल, एक रिपोर्ट. तपासणीचे सोपस्कार धरून दोन आठवडे. हे होत नाही त्याचं कारण तांत्रिक नाही. ते मागायला कुणी येत नाही, कारण ज्याला गरज आहे तो बैठकीत नसतो.

तो नोंदींतही नसतो, हे आणखी भयंकर. आम्ही मोठ्या पडद्यावर आकडे बघतो: आज इतके लाख व्यवहार, इतके टक्के यशस्वी. आत्या तीनदा अंगठा लावून घरी गेली तर ते तीन अयशस्वी प्रयत्न म्हणून पडतं. चौथ्यांदा ती आलीच नाही, हा आकडा कुठेच पडत नाही. माघारी गेलेला माणूस यंत्राला दिसत नाही. एकदा एका बैठकीत मी विचारलं होतं, सोडून गेलेल्यांचं काय? उत्तर मिळालं, त्यांना बहुतेक गरज नसेल.

यंत्राचं म्हणणं खरं धरलं आणि माणसाचं खोटं, तर कुठपर्यंत जातं ते ब्रिटनने पाहिलंय. तिथल्या टपाल खात्यात १९९९ पासून हॉरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. गावोगावची पोस्टं चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. ते सांगत होते, पैसे आम्ही घेतले नाहीत, यंत्र चुकतंय. पण कॉम्प्युटर बरोबरच चालत असणार असं तिथल्या कायद्यातच गृहीत धरलेलं होतं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोकांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले झाले. काही तुरुंगात गेले, काही कर्जबाजारी झाले, काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरात हायकोर्टाने सांगितलं की प्रणालीत दोष होते. २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. हे लिहिणारे लोक काही राक्षस नव्हते. माझ्यासारखेच असतील, शनिवारी घरी बसून चहा पिणारे.

बरं, मी काही 'जुनं ते सोनं'वाला नाही. चांगली उदाहरणं गल्लीतच आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे तो बोलणारा डबा आहे. तुम्ही यूपीआयने पैसे दिले की तो मराठीत रक्कम ओरडतो. दुकानदार तेव्हा तेल मोजत असतो, मान वरही करत नाही. त्याला स्क्रीन बघावी लागत नाही, हात पुसावा लागत नाही. वायझरला ज्याचं स्वप्न पडलं होतं ना, ते हे. आणि नेट गेलं तर तो म्हणतो, "राहू द्या काका, उद्या द्या." डबा गप्प बसला तरी दुकान चालू राहतं. का? कारण उधार द्यायचा अधिकार अजून दुकानदाराकडे आहे, डब्याकडे गेलेला नाही.

आता सगळीकडे एआयचा गजर चाललाय. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हापासून जो तो सांगतोय की हा प्रश्न सुटला. अर्जच राहणार नाहीत, तुम्ही मराठीत बोला, यंत्र समजून घेईल. समजून घेईलही. मी रोज वापरतो, थक्क होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या खिडकीतल्या मुलाला काय कळत नव्हतं? त्याला सगळं कळत होतं. बाई कोण, गाव कुठलं, गुडघे कसले, सगळं. कमी होतं ते 'ठीक आहे' म्हणायचा अधिकार. तो जर यंत्रामागच्या यंत्रालाही दिला नाही, तर एआय म्हणजे जास्त गोड बोलून नाही म्हणणारी खिडकी. "आजी, आपली अडचण मी समजू शकते, कृपया पुन्हा डोळे मिचकवा." आणि तो दिला, तर मग आणखी मोठा प्रश्न: ते चुकल्यावर धरायचं कुणाला? हॉरायझन निदान साधी बेरीज-वजाबाकी होती.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात निदान एवढं आहे, की आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये. अपवाद आहेत, पण तिथेही माणसाने त्यात लक्ष घालावं हे मागता येतं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही. आधार निकालाच्या वेळी, सप्टेंबर २०१८ मध्ये, सुप्रीम कोर्टात बोटं न जुळल्याने रेशन आणि पेन्शन अडण्यावर भरपूर चर्चा झाली होती. कुणाचा अंगठा लागला नाही म्हणून त्याचा लाभ जाऊ नये, हे सगळ्यांना मान्य. कागदावर मान्य. पण खिडकीतल्या मुलाच्या स्क्रीनवर त्या मान्यतेचं बटण कुठे आहे? पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून दीड दशकात आपण कोट्यवधी अंगठे जुळवले. न जुळणाऱ्यासाठी एक बटण नाही झालं.

तर आत्याचं काय झालं. तासाभराने शाखेचे मॅनेजर बाहेर आले, पन्नाशीचे असतील. त्यांनी काय चाललंय ते पाहिलं, आत गेले, आणि कुठल्याशा खालच्या खणातून हयातीच्या दाखल्याचा जुना छापील नमुना घेऊन आले. कागदावरचा दाखला आजही चालतो, नियमात आहे. त्या मुलाला ते ठाऊकच नव्हतं, त्याच्या स्क्रीनवर तो पर्याय नव्हता. साहेबांनी स्वतः भरला, आत्याची सही घेतली, शिक्का मारला. आत्याने सवयीप्रमाणे कागद वाचून त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. साहेबांनी ती दुरुस्त केली आणि शेजारी बारीक सही केली.

डिसेंबरची पेन्शन वेळेवर आली. ते साहेब जूनमध्ये बदलून गेले. परवा आत्याचा फोन आला होता, विचारत होती, "अरे, या वर्षी बोटांना आधीपासून काही लावत बसू का? कुणीतरी एरंडेल सांगितलंय."